कमिटी कागदावर, काम पाळकांवर

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : आदरणीय बाई, प्रभूत सलाम. यंदा आमच्या चर्चच्या मंडळीने मला सेक्रेटरी केलं. आमची मंडळी राहुरी तालुक्यातली, साधारण सव्वाशे कुटुंबं, त्यातली निम्मी वस्त्यांवर राहणारी. कागदावर आमच्याकडे सगळं आहे : संडेस्कूल, महिला मंडळ, तरुण संघ, भजनी मंडळ, आजाऱ्यांना भेटी देणारी कमिटी. प्रत्यक्षात पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू) आणि आम्ही चार-पाच जणच धावत असतो. मध्यंतरी एका वस्तीवरच्या आजी तीन आठवडे अंथरुणाला खिळून होत्या. आम्हाला कळलं ते त्यांच्या मातीच्या दिवशी. भेटींच्या कमिटीत सात नावं आहेत आणि सातही माणसं चांगली आहेत. मग अडतं कुठे?
*एक नवा सेक्रेटरी, राहुरी तालुका*

उत्तर : भाऊ, सलाम. सातही माणसं चांगली आहेत हे तुम्ही आवर्जून लिहिलंत, त्याबद्दल आधी तुमचे आभार. मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत या जागी कुणावर तरी ठपका असतो. माणसं चांगली असून काम होत नाही, तेव्हा बहुधा त्यांना नाव दिलेलं असतं, काम दिलेलं नसतं.

तुमच्या त्या सात जणांना एकत्र बसवा आणि विचारा. कोणती घरं कुणाकडे आहेत? वस्तीवर जायचं तर रिक्षाचे पैसे कुठून घ्यायचे? आजींना दवाखान्यात हलवायचं झालं, तर पाळकसाहेबांना फोन न लावता हलवता येईल का? भेटून आल्यावर सांगायचं कुणाला? यातल्या एकाही प्रश्नाला त्यांच्याकडे पक्कं उत्तर नसेल, तर त्या आजींपर्यंत कुणी पोचणं अवघडच होतं. जो तो समजत राहिला असेल की दुसरा कुणीतरी गेला असेल.

आता बायबलमधला प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढा. तक्रार जवळजवळ तुमचीच आहे. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवा रोजच्या वाटपात राहून जात होत्या. बारा प्रेषितांनी तेव्हा स्वतःची धावपळ वाढवली नाही आणि कुरकुर करणाऱ्यांना दटावलंही नाही. मंडळीलाच सांगितलं, सात जण निवडा. निवडलेली नावं सावकाश वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती सगळ्या मंडळीचं वाटप गेलं. प्रेषितांनी प्रार्थना केली, त्यांच्यावर हात ठेवले आणि स्वतः वचनाच्या सेवेला लागले. मग रोज संध्याकाळी जाऊन भाकरी मोजल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

म्हणून मी एवढंच विचारते, तुमच्या सात जणांपैकी वस्तीवर राहणारे किती? माझा अंदाज आहे की सगळे चर्चच्या आसपासचे असतील. उपासनेला नेमाने येणारी, पुढच्या बाकावर बसणारी माणसंच आपण कमिट्यांवर घेतो. वस्तीवरची बाई महिन्यातून एकदा येते, म्हणून ती आपल्या नजरेत नसते. पण शेजारच्या म्हातारीची चूल आज पेटली नाही, हे पहिलं तिलाच कळतं. तिला कमिटीवर घ्या. ती दर रविवारी येऊ शकत नसेल तर वही तिच्याकडे पाठवा.

वहीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मंडळीत हे काम वहीवरच चालतं. साधी लांबट वही आहे. डाव्या पानावर घर : कोण कोण राहतं, कोण पुण्याला कामाला गेलंय, कुणाला कसली गोळी चालू आहे, रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा. उजव्या पानावर भेटीची तारीख आणि एक-दोन ओळी. प्रार्थना केली, एवढं लिहून भागत नाही. त्या घरात आत्ता कशाची गरज आहे ते लिहायचं. एका पानावर अशी ओळ होती : "डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे आहेत. दुपारी घरी कुणी नसतं." ती ओळ वाचून शेजारच्या गल्लीतली दहावीची मुलगी शाळेतून आली की आधी त्या आजींकडे जायला लागली. थेंब घालायची, पाच मिनिटं बसायची आणि मग घरी. तिचं नाव कुठल्याही कमिटीत नव्हतं. आता आहे.

वहीत काय लिहायचं नाही हेही पहिल्याच दिवशी ठरवा. नवरा-बायकोचं भांडण, दारू, कर्ज, मुलीचं मोडलेलं लग्न, यातलं काहीही कागदावर येता कामा नये. ते फक्त पाळकसाहेबांच्या कानावर, आणि तेही त्या घराची परवानगी घेऊन. एका घरातली गोष्ट एकदा जरी बाहेर फुटली, तरी पुढे वर्षानुवर्षं दारं मोकळ्या मनाने उघडत नाहीत.

बाकीचं थोडक्यात. दोघादोघांनी जायचं, प्रभूने शिष्यांना पाठवलं तसं. एका जोडीकडे सहा ते आठ घरं, जास्त नकोत. पंधरा-वीस मिनिटांत उठायचं, जेवायला थांबायचं नाही, आजारी माणसाच्या घरच्या बाईला आपल्यासाठी चहा करायला लावायचा नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर मागच्या बाकांवर अर्धा तास बसून वही वाचायची. आणि पंचांकडून, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांकडून, ठराव करून घ्या की महिन्याला एक रक्कम, हजार रुपये का असेनात, या कमिटीच्या हाती राहील. रिक्षा, फळं, एखाद्या वेळी औषध, हे खर्च त्यांनी कुणाला न विचारता करावेत आणि महिन्याच्या शेवटी पावत्यांसह हिशोब द्यावा. शंभर रुपयांसाठी ज्या माणसाला तीन जणांची परवानगी काढावी लागते, तो दुसऱ्या खेपेला घरातून निघत नाही. हा ठराव करायला पंच कां-कू करतील. तरी आग्रह धरा, कारण तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे.

आपल्याकडे हे काम काही नवं नाही. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला ठाणं केलं. पुढच्या काळात पुरुष पाळक ज्या घरांच्या माजघरापर्यंत पोचू शकत नव्हते, तिथे बायबलबाया, म्हणजे मिशनच्या सेविका, जायच्या. वाचून दाखवायच्या, बायकांना अक्षरं शिकवायच्या, बाळंतिणीची चौकशी करायच्या. त्यांना ठरलेला भाग असायचा आणि त्या भागातली घरं त्यांना तोंडपाठ असायची. आपल्या कितीतरी मंडळ्यांची मुळं त्या पायपिटीत आहेत, आणि वार्षिक अहवालांत मात्र त्यांना एखादी ओळ मिळते. मला याचं वाईट वाटतं.

पुणे जिल्ह्यातल्या केडगावचंही बघा. पंडिता रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण छपाईचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात तिथल्या बायका-मुलींनी केलं, हे किती जण सांगतात? यातल्या कित्येक जणी दुष्काळात घरदार गमावून आलेल्या. रमाबाई 1922 मध्ये गेल्या आणि ते बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांच्यामागे काम थांबलं नाही, कारण ते हात आधीच तयार झाले होते. तुमच्या पाळकसाहेबांची उद्या बदली झाली, तर तुमच्याकडे काय चालू राहील, याचा पंचांच्या बैठकीत एकदा मोकळेपणाने विचार करा.

पाळकसाहेबांशी मात्र बैठकीआधी एकटे बसून बोला. एवढी वर्षं सगळं अंगावर घेतलेल्या माणसाला "आता आम्ही बघतो" हे ऐकताना दुखतं. त्यांचं काम कमी होत नाही, बदलतं. मोशेचा सासरा इथ्रो याने मोशेला तेच सांगितलं होतं : अवघड ते तुझ्याकडे येऊ दे, बाकीचं विश्वासू माणसांना करू दे. घरी जाऊन प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षारसाचा) विधी करणं, शेवटच्या घटका मोजणाऱ्यापाशी बसणं, एखाद्या फाटलेल्या घरात जाऊन समेट घडवणं, हे पाळकाचंच. वहीमुळे त्यांना निदान कळेल की आज कुठे जायला हवं.

आणि यंदा पाचही कमिट्यांना हात घालू नका. भेटींचं काम तेवढं घ्या. सात जणांना सांगा, नेमणूक पुढच्या कापणीच्या सणापर्यंत (पिकाच्या आभाराच्या उपासनेपर्यंत) आहे. तेव्हा मंडळीसमोर त्यांचे आभार मानू. ज्यांना थांबायचंय त्यांनी मोकळ्या मनाने थांबावं, ज्यांना राहायचंय त्यांनी राहावं. मुदत नसली की माणसं राजीनामा देत नाहीत, नुसती यायची बंद होतात.

प्रश्न : बाई, आमचा तरुण संघ नाताळच्या पंधरवड्यात दिसतो आणि मग गायब. त्यांना गिटार, कीबोर्ड आणि पडद्यावर गीतं हवीत. वडीलधारे म्हणतात, आमची भजनं बुडवू नका. दोन्ही बाजूंनी माझ्याकडे तक्रारी येतात.
*भजनी मंडळाचा प्रमुख, जालना*

उत्तर : दादा, वाद्यांचा वाद थोडा बाजूला ठेवा. तुमच्या मंडळीतल्या मुलांच्या हाती वर्षभर नेमकं काय असतं? खुर्च्या मांडणं, चांदण्या टांगणं, जेवणात वाढणं. सगळं दुसऱ्याने ठरवलेलं. मग ती नाताळपुरती येतात यात नवल नाही.

आपल्यातल्या बहुतेकांच्या हातात जी "उपासना संगीत" या गीतपुस्तकाची प्रत असते, तिच्यात शब्द आहेत. चाली मात्र म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात आहेत. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा 1895 मध्ये बाप्तिस्मा झाला आणि 1919 मध्ये ते गेले. त्या चोवीस वर्षांत त्यांनी आपल्याला अभंगाच्या, भजनाच्या वळणाची गीतं भरभरून दिली. त्यातली किती गीतं तुमच्याकडे आता फक्त एखाद्या आजोबांनाच त्यांच्या मूळ चालीवर म्हणता येतात, याची यादी करा. ती यादी मुलांना द्या. दोघा-तिघांनी त्या आजोबांकडे मोबाइल घेऊन जायचं, चाल रेकॉर्ड करायची, शिकायची आणि महिन्याने उपासनेत म्हणायची. गिटारवर म्हणाली तरी चालेल, चाल तीच हवी. यात मुलं आजोबांच्या ओटीवर बसतात आणि आजोबांना आपल्या गाण्याला वारस मिळतो. तक्रारींपैकी निम्म्या इथेच मिटतील.

शिवाय महिन्यातली एक उपासना पूर्ण त्यांच्याकडे सोपवा : शास्त्रपाठ कुणी वाचायचा, कोणती गीतं, मध्यस्थीची (इतरांसाठीची) प्रार्थना कुणी करायची, सगळं. पाळकांनी त्यांच्याबरोबर आठवडाभर आधी बसावं, ऐन वेळी फेरफार करू नयेत. आणि पेटी-तबल्याच्या कपाटाची एक किल्ली तरुण संघाच्या सेक्रेटरीकडे द्या. मुलांना सरावासाठी दर वेळी कुणाच्या तरी दारात जाऊन किल्ली मागावी लागत असेल, तर ती सराव दुसरीकडेच करतील.

प्रश्न : आदरणीय बाई, आमचे खजिनदार काका पंचवीस वर्षं मंडळीचे पैसे सांभाळतात. अगदी सचोटीचे आहेत. पण अर्पण ते एकटेच मोजतात, घरी नेतात, आणि सगळा हिशोब त्यांच्या एकट्याच्या वहीत. आता त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही. दुसरं कुणी बरोबर घ्या म्हटलं तर "माझ्यावर विश्वास नाही का?" असं म्हणतील, म्हणून कुणी बोलत नाही.
*महिला मंडळाची एक सभासद, पिंपरी*

उत्तर : ताई, काकांना बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय वाचून दाखवा, आणि तो त्यांच्या घरी बसून, एकांतात. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी मोठी देणगी गोळा होत होती. ती नेताना प्रेषित पौल आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी भावांना पाठवतो, मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतो, आणि कारणही सांगतो : या रकमेच्या बाबतीत कुणी आपल्यावर दोष ठेवू नये. पौलाच्या सचोटीवर शंका होती म्हणून ही व्यवस्था झाली नव्हती. त्यानेच ती करून घेतली. काकांनी स्वतःहून मागितली, तर त्यांचा मान वाढेल. तेव्हा ठरावाची सूचना त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

व्यवस्था साधी असते. उपासना संपल्यावर, चर्चमधून कुणी बाहेर पडायच्या आत, दोघांनी टेबलावर अर्पण मोजायचं. ते दोघे एका घरातले नसावेत. नोटा, नाणी, दशमांशाची (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाची) पाकिटं वेगवेगळी लिहून रजिस्टरवर दोघांच्या सह्या. सोमवारी रक्कम बँकेत, आणि भरणा पावती त्याच पानाला चिकटवायची. चेकवर दोन सह्या लागतील असं बँकेला लेखी कळवायचं. दर तिमाहीला जमाखर्च फलकावर, वर्षाच्या शेवटी बाहेरच्या माणसाकडून तपासणी.

मोजणाऱ्यांत महिला मंडळाची एक जण असू द्या. कापणीच्या सणाला कुणी घरून काय किती आणलं, लिलावात काय किती रुपयांना गेलं, हे तुम्हा बायकांना पावती पुस्तकाआधी ठाऊक असतं.

काकांचं खजिनदारपदाचं शेवटचं वर्ष नव्या माणसाबरोबर जाऊ द्या. कोणत्या ठेवीची मुदत कधी संपते, कब्रस्तानाच्या जागेची कागदपत्रं कुठल्या पेटीत आहेत, विजेचं मीटर कुणाच्या नावावर आहे, हे कुठल्याच वहीत सापडणार नाही. शेजारी बसून त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि सुरुवात कब्रस्तानाच्या कागदपत्रांपासून करा.