सुईतून द्रव, शरीरात जेल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इंजेक्शनने शरीरात सोडता येणाऱ्या प्रथिनांच्या हायड्रोजेलविषयी अलीकडे वाचनात आले. गुडघेदुखीसाठी ज्येष्ठांना जेलचे इंजेक्शन देतात, ते हेच का? आणि बारीक सुईतून जाणारा द्रव आत गेल्यावर घट्ट कसा होतो?

उत्तर : गुडघ्यात सहसा दिले जाणारे जेल हायल्युरॉनिक आम्लाचे असते. तो शर्करांच्या लांब साखळीचा रेणू आहे, प्रथिन नव्हे. सांध्यातील वंगणाला पूरक म्हणून ते देतात. झिजलेली कूर्चा त्याने पुन्हा उगवत नाही. आपण ज्यांच्याविषयी वाचलेत, त्या जेलांकडून अपेक्षा अधिक मोठी आहे : नव्या ऊतीची बांधणी होईपर्यंत पेशींना परांचीसारखा आधार द्यायचा, किंवा औषध नेमक्या जागी धरून ठेवून ते सावकाश सोडायचे.

हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारे रेणूंचे जाळे. पुष्कळदा त्याच्या वजनाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असते, तरीही लांब रेणू एकमेकांना जागोजागी बांधलेले असल्यामुळे ते वाहत नाही. असे पदार्थ शरीरात वापरण्याची कल्पना ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव्ह लिम या चेकोस्लोव्हाकियातील रसायनशास्त्रज्ञांनी 1960 साली मांडली, आणि त्याच कामातून पुढे मऊ कॉन्टॅक्ट लेन्स तयार झाली. त्यांचे जाळे कृत्रिम बहुवारिकाचे (पॉलिमरचे) होते आणि पेशींना त्याची काहीच ओळख नव्हती. कोलॅजेन (त्वचा, हाडे यांना आधार देणारे प्रथिन) किंवा फायब्रिन (रक्ताच्या गुठळीचे प्रथिन) यांच्या जाळ्यात मात्र पेशींना पकडीसाठी ओळखीच्या जागा मिळतात. फायब्रोनेक्टिन या प्रथिनातील आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांचा क्रम पेशींना चिकटण्यासाठी पुरेसा असतो, हे 1984 साली दाखवले गेले. तेव्हापासून हा छोटासा क्रम मुद्दाम जोडून कृत्रिम जाळीही पेशींना आपलीशी वाटावी, असे प्रयत्न होत आले आहेत.

आता घट्ट होण्याविषयी. आम्लात विरघळवलेले कोलॅजेन उदासीन करून सुमारे 4 अंश सेल्सिअसला ठेवले तर ते द्रव राहते, आणि शरीराच्या 37 अंश तापमानाला त्याचे रेणू आपोआप तंतूंमध्ये गुंफले जाऊन जेल बनते. गंमत अशी की त्याच कोलॅजेनची वीण उसवून मिळणारे जिलेटिन नेमके उलटे वागते : ते थंडीत गोठते आणि शरीराच्या उबेत वितळते. म्हणून जिलेटिनला मेथॅक्रिलॉइल गट (एकमेकांशी जुळू शकणारे रासायनिक गट) जोडतात आणि प्रकाश पाडून त्याच्या साखळ्या कायमच्या बांधून टाकतात. फायब्रिनची पद्धत तर शरीराचीच आहे, कारण रक्त गोठताना हेच घडते. जोड-सिरिंजच्या एका नळीत फायब्रिनोजेन (फायब्रिनचे विरघळलेले पूर्वरूप), दुसरीत त्याचे फायब्रिन करणारे थ्रॉम्बिन ठेवले जाते. टोकाशी दोन्ही मिसळले की काही क्षणांत गुठळी धरू लागते. याखेरीज काही जेल सिरिंजमध्येच घट्ट असतात, दाबाखाली वाहतात आणि दाब सरताच पुन्हा सांधली जातात. जिवंत पेशी टोचायच्या असतील तेव्हा मला हा प्रकार सर्वांत उपयोगी वाटतो, कारण साध्या द्रवातून जाताना सुईच्या तोंडाशी पेशी ताणल्या जाऊन त्यांची पटले फाटतात, तर असे जेल त्यांना बऱ्याच अंशी सांभाळून नेते.

जेल धरण्याचा वेळ मात्र काटेकोर साधावा लागतो. ते लवकर धरले तर सुई तुंबते; उशिरा धरले तर द्रव जागेवरून पसरतो आणि त्यातील पेशी व औषधही त्याच्याबरोबर जातात.

प्रश्न : औषध जेलमध्ये मिसळले की ते आपोआप हळूहळू बाहेर पडते का?

उत्तर : हा समज बराच पसरलेला आहे, पण जाळ्याची छिद्रे साधारणतः काही नॅनोमीटरपासून काही दशक नॅनोमीटरपर्यंतची असतात आणि बहुतेक नेहमीच्या औषधांचे रेणू एक-दोन नॅनोमीटरहून लहान. नुसते मिसळलेले असे औषध काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत निसटते, आणि त्यातला मोठा वाटा सुरुवातीलाच एकदम बाहेर पडतो. प्रतिपिंडासारखा सुमारे दहा नॅनोमीटरचा रेणू त्या मानाने जास्त अडतो. म्हणून औषध बांधून ठेवावे लागते : कधी सावकाश तुटणाऱ्या रासायनिक बंधाने, कधी सूक्ष्म गोळ्यांत भरून, तर कधी जाळ्याला हेपॅरिन हा शर्करांच्या साखळीचा रेणू जोडून, कारण पेशींच्या वाढीला चालना देणारी अनेक प्रथिने हेपॅरिनला धरून राहतात.

प्रथिनांच्या जाळ्याचा खरा फायदा येथे दिसतो. आत शिरणाऱ्या पेशी आपल्या विकरांनी (एन्झाइमांनी) ते कापत पुढे सरकतात, त्यामुळे जेल विरघळण्याची गती ऊतीच्या भरून येण्याशी जोडली जाऊ शकते. फायब्रिनच्या बाबतीत ही गती कधी कधी फारच जास्त ठरते. म्हणून त्याच्या काही वैद्यकीय मिश्रणांत, त्याला विरघळवणाऱ्या प्लाझ्मिनला रोखण्यासाठी ॲप्रोटिनिन घालतात.

प्रश्न : यातले प्रत्यक्ष उपचारात काय आले आहे? आणि अडते कुठे?

उत्तर : थोडे आले आहे, तेही मुख्यतः साध्या कामांसाठी. गाईच्या कोलॅजेनचे त्वचेत टोचायचे जेल अमेरिकेत 1981 साली मंजूर झाले. काही जणांना त्याची ॲलर्जी येत असल्याने आधी त्वचेवर चाचणी घ्यावी लागे. शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवणारे फायब्रिनचे मिश्रण तेथे 1998 साली मंजूर झाले. डुकराच्या हृदयातील पेशी काढून उरलेल्या द्रव्याचे जेल कॅथेटरने हृदयाच्या स्नायूत सोडण्याची पंधरा रुग्णांवरील पहिली चाचणी 2019 साली प्रसिद्ध झाली. ती सुरक्षितता पाहण्यासाठी होती. एवढ्या थोड्या रुग्णांवरून उपचार गुणकारी आहे असे म्हणता येत नाही.

अडचणींपैकी निर्जंतुकीकरणाची फारशी चर्चा होत नाही. वाफेच्या उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते आणि किरणोत्साराने साखळ्या तुटतात किंवा नको तेथे जुळतात. त्यामुळे द्रावण गाळून पुढचे सारे काम निर्जंतुक वातावरणातच करावे लागते. दुसरी अडचण प्राणवायूची. रक्तवाहिनीपासून साधारण 100 ते 200 मायक्रोमीटरपलीकडे तो पुरेसा पोचत नाही, म्हणून जाडसर जेलच्या मध्यातील पेशी, नव्या रक्तवाहिन्या तेथवर येण्याआधीच मरतात.

प्रश्न : ही प्रथिने प्राण्यांपासूनच घ्यावी लागतात का?

उत्तर : नाही. इलॅस्टिनसारखी प्रथिने जनुक घालून जिवाणूंकडून तयार करवून घेता येतात, आणि सोळा अमिनो आम्लांची एक छोटी साखळी तर पूर्णपणे रासायनिक पद्धतीने बनते. ती पाण्यात द्रव राहते, शरीरातील क्षारांशी संपर्क येताच तिचे बारीक तंतू जुळून जेल बनते, आणि रक्तस्राव थांबवण्यासाठी ती वापरातही आहे.