दर महिन्याचा आठवणीचा मेल आपोआप जाईल का?

प्रश्न: ताई, मी म्हापशाला एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात कामाला आहे. दर महिन्याला साठेक क्लायंटना "बिलं पाठवा" म्हणून मेल टाकावा लागतो, नाहीतर ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरताना धावपळ होते. जीमेलमध्ये शेड्यूल करते पण तो एकदाच जातो, पुढच्या महिन्यात परत तेच काम, आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) रजेवर असले की राहूनच जातं. कायमचं लावून ठेवता येईल का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: येईल की, आणि पैसेही लागत नाहीत. जीमेलचं शेड्यूल सेंड २०१९ पासून आहे पण ते एका मेलपुरतंच, "दर महिन्याला" असा ऑप्शन त्यात नाहीच, तेव्हा तिथे शोधत बसू नका. गूगल शीट घ्या, त्यात नाव, ईमेल आणि तिसरा कॉलम "बिलं आली" असा ठेवाच, हा तिसरा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा आहे कारण ज्याने बिलं वेळेत दिली त्यालाही परत आठवण गेली तर तो वैतागतो आणि पुढे तुमचे मेल उघडायचंच सोडतो. मग एक्स्टेन्शन्स मेनूतून ॲप्स स्क्रिप्ट (शीटसाठी छोटा प्रोग्राम लिहायची गूगलची सोय) उघडायचं, कोड फार मोठा नसतो, येत नसेल तर जाणकाराकडून एकदा लिहून घ्या. त्याला एवढंच सांगा: महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी तिसरा कॉलम पुसून सगळ्यांना मेल, आणि ७ तारखेला फक्त ज्यांचा कॉलम रिकामा आहे त्यांना. सुट्ट्या वेगळ्या टॅबवर लिहून ठेवा, चवथीची तारीख दरवर्षी बदलते ना, म्हणून ट्रिगर (कोड ठरल्या वेळी आपोआप चालवणारी सोय) महिन्याचा नको, रोजचा लावा, आज मेल पाठवायचा की नाही ते कोड बघेल.

आधी शीटमध्ये फक्त स्वतःचा पत्ता ठेवून चालवून बघा, प्लीज. टाइम झोन भारताचा आहे ना तेही सेटिंग्जमध्ये बघा. ९ ते १० निवडलंत तर मेल त्या तासात कधीही जातो, बरोबर नऊलाच असं नाही. फुकटच्या जीमेलवर स्क्रिप्टने दिवसाला १०० पत्त्यांपर्यंतच मेल जातात आणि सीसीतले पत्तेही त्यात धरतात, म्हणजे साठ क्लायंट आणि प्रत्येक मेलला सरांना सीसी केलं की १२० झाले, शेवटचे राहणार, तेव्हा सरांना शीटच दाखवा.

आणि हे सगळं ऑफिसच्या कॉमन अकाउंटवरून करा, स्वतःच्या नको. ट्रिगर ज्याने लावला त्याच्याच अकाउंटवरून चालतो, उद्या तुम्ही नोकरी बदललीत, अकाउंट बंद झालं, तर मेल गुपचूप थांबतील आणि मागे राहिलेल्यांना ते ११ तारखेलाच कळेल.

ऑफिसात मायक्रोसॉफ्टचं आउटलुक असेल तर हेच पॉवर ऑटोमेट या त्यांच्याच कामं आपोआप करणाऱ्या साधनातल्या रिकरन्सने, म्हणजे ठरल्या वेळी परत परत चालवायच्या सोयीने, होतं, फक्त तिथे टाइम झोन निवडायला विसरू नका, नाहीतर ते यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे) धरतं आणि सकाळी ९ चा मेल दुपारी अडीचला जातो.