फणसातला 'जॅक' कोण?

प्रश्न थोडक्यात असा: मालवणकडे घरगुती निवास चालवणारे लोक पाहुण्यांना सांगतात की जॅक नावाच्या साहेबावरून फणसाला 'जॅकफ्रूट' म्हणतात. हे खरं का? आणि गाडीचा जॅक, पत्त्यांतला जॅक, हेडफोनचा जॅक, जॅकपॉट हे सगळे त्याचेच भाऊबंद का? शिवाय पाटीवर आणि लेबलवर फणसाचे पदार्थ इंग्रजीत कसे लिहायचे?

साहेबाची गोष्ट सांगणं बंद करा. ज्याचं नाव घेतलं जातं तो विल्यम जॅक हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तो बंगालमध्ये आणि सुमात्रात होता. त्याचा जन्म १७९५ चा. गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याचं पुस्तक गोव्यात छापलं गेलं १५६३ साली, आणि त्यात फणसाचं 'जाका' हे नाव आहे. साहेब जन्मायच्या सव्वादोनशे वर्षं आधी.

ऑर्टाचा तो उतारा मोठा गमतीचा आहे. संवादाच्या रूपात लिहिलेला. पाहुण्याला आधी भाजलेल्या आठळ्या खायला दिल्यात. त्या त्याला थेट चेस्टनटसारख्या लागतात. मग गरे. चवीला खरबुजासारखे, पण चांगल्या खरबुजाची सर नाही, असं पाहुण्याचं मत. वैद्यबुवा त्यावर म्हणतात की हे चिकट असल्याने पचत नाहीत, पुष्कळदा जसेच्या तसे बाहेर पडतात, मी फारसे खात नाही. (बरक्याच्या, म्हणजे मऊ गऱ्यांच्या फणसाच्या, वाटेला गेले असणार.) आणि पुढे नोंद: मलबारात याला 'जाका' म्हणतात, गोव्याच्या आणि गुजरातच्या भाषेत 'पनस'. म्हणजे आपला फणसही त्याच ओळीत हजर आहे.

मग पोर्तुगिजांनी 'पनस' सोडून 'जाका' का उचललं? कारण ते आधी कालिकतला उतरले, १४९८ मध्ये. गोवा घेतलं १५१० ला. तोवर मालाची नावं मल्याळी लोकांकडून तोंडात बसली होती. मल्याळममध्ये फणस म्हणजे 'चक्का'. त्याचं पोर्तुगीज 'जाका', त्याचं इंग्रजी 'जॅक'. सुरुवातीला इंग्रज नुसतंच 'जॅक' म्हणत; 'फ्रूट' पुढे चिकटलं. हा एकट्या फणसाचा मामला नाही. मल्याळम 'मांगा'चा मँगो झाला, 'तेक्कु'चा टीक, 'कयर'चा कॉयर, 'कोप्परा'चा कोप्रा. आपल्या आंबा, साग, काथ्या, खोबरं यांतलं एकही नाव इंग्रजीत शिरलं नाही, माल आपल्या बंदरांतून जात असूनही.

आता दुसरा जॅक. हा अस्सल माणूस: 'जॉन'चं लाडकं रूप. जॉनचं जँकिन, त्याचं जॅकिन, मग जॅक. फ्रेंच 'झाक'शी त्याचा संबंध बरेच जण जोडतात. ते नाव जेकबचं आहे, जॉनचं नव्हे. मध्ययुगीन इंग्लंडात जॅक इतके झाले की कुठल्याही साध्या पोराला, गड्याला जॅकच म्हणू लागले. मुंबईत एके काळी घरगडी म्हटला की तो रत्नागिरीकडचा 'रामा'च, मग बारशाचं नाव काहीही असो, तसंच.

पुढचे बहुतेक अर्थ या गड्याच्या पोटातून निघाले. गड्याचं काम करणारं साधन म्हणजे जॅक: मांसाची सळई विस्तवावर फिरवणारा, पायातला बूट ओढून काढणारा, आणि शेवटी गाडी उचलणारा. मराठीत 'वरून जॅक लावला' म्हणतो तो वशिल्याचा जॅकही तिथूनच आला, आणि कामही तेच करतो.

पत्त्यांत 'नेव्ह' म्हणजे पोऱ्या, नोकर, आपला गुलाम. पानाच्या कोपऱ्यात छोटी अक्षरं छापायला लागले तेव्हा त्याचं 'केएन' आणि राजाचं 'के' यांत घोटाळा व्हायला लागला, म्हणून 'जे' पक्कं झालं. जॅकपॉट त्याच पानातून आला. पोकरच्या एका प्रकारात हातात किमान जॅकची जोडी असल्याशिवाय बोली उघडता येत नाही. कोणाकडेच नसेल तर पैसे तसेच राहतात, पुन्हा सगळे भर घालतात आणि रास फुगत जाते.

हेडफोनच्या जॅकबद्दल मात्र दुकानातही उलटं बोलतात. जॅक म्हणजे भोक असलेला भाग. आत जाते ती पिन, म्हणजे प्लग. १८७० च्या दशकाअखेरीस चार्ल्स स्क्रिब्नरने टेलिफोन एक्स्चेंजसाठी जो स्विच केला तो मिटत्या चाकूसारखा, म्हणजे जॅकनाइफसारखा दिसे. नाव त्यावरून पडलं. 'साडेतीन एमएमचा जॅक द्या' म्हणून पिन घेऊन आलात आणि सोल्डर करायला सॉकेट हवं होतं, तर दोष भाषेचा.

जॅकअॅस म्हणजे नर गाढव. युनियन जॅकमधला जॅक म्हणजे जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, लावायचा छोटा झेंडा.

जॅकल, म्हणजे कोल्हा, मात्र फणसाचा जॅक आणि जॉनचा जॅक या दोघांपैकी कोणाचाच नाही. संस्कृत शृगाल, फारसी शगाल, तुर्की चकाल, मग इंग्रजी. तिसरंच घराणं.

आता तुमच्या पाटीचं आणि लेबलचं. इंग्रजीत जॅकफ्रूट हा एकच सलग शब्द लिहा, मध्ये जागा नको. वाक्यात आला तर 'जे' लहान लिपीतला, कारण ते कोणाचं नाव नाही. कुयरीच्या, म्हणजे कोवळ्या फणसाच्या, भाजीला 'यंग' किंवा 'ग्रीन' लिहा. तळलेले गरे पूर्ण भरलेल्या पण न पिकलेल्या काप्याचे असतात, तिथे 'रॉ' चालेल. दोन्हीकडे 'रॉ' लिहिलंत तर पाहुण्याला दोन्ही एकच वाटेल. कापा-बरक्याचं भाषांतर करू नका. 'घट्ट गऱ्याचा', 'मऊ गऱ्याचा' एवढं शेजारी इंग्रजीत द्या. फणसाच्या साटाला 'लेदर' लिहिण्याची फॅशन आहे, पण शाकाहारी पाहुणा ते वाचून दचकतो. 'फणसपोळी' लिहून खाली 'फणसाच्या रसाची वाळवलेली वडी' असा खुलासा करा. आणि आठळ्यांपुढे 'भाजल्यावर चेस्टनटसारख्या' असं खुशाल लिहा, त्याला गोव्याच्या वैद्याचा १५६३ चा दाखला आहे.