मठातल्या सिस्टर दिवसभर करतात काय?

प्रश्न : माझ्या मुलीची मैत्रीण कार्मेलाइट या कॅथलिक संन्यासिनींच्या मठात गेली. तिथल्या सिस्टर शाळा चालवत नाहीत, बाहेरही फारशा पडत नाहीत. मग दिवसभर करतात काय?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमुळे आपल्याला ख्रिस्ती सेवा म्हटलं की दवाखानाच आठवतो. कार्मेलाइट मठात मात्र प्रार्थना हेच मुख्य काम. माझी मावसबहीण अशाच एका मठात आहे. काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत देवळाचा दिवस बांधलेला असतो, तसाच त्यांचा. घंटा झाली की हातातलं काम ठेवून चॅपलमध्ये, म्हणजे मठातल्या प्रार्थनाघरात जायचं. बायबलमधली बहुतेक सगळी स्तोत्रं चार आठवड्यांत म्हणून होतात. शिवाय रोजची मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षारस अर्पण करायची कॅथलिक उपासना, आणि सकाळ-संध्याकाळ एकेक तास मौन प्रार्थना. संत तेरेसांनी १५६२ मध्ये स्पेनमधल्या आविला इथं सुधारित कार्मेलाइट संघाचा पहिला मठ काढला, मौन प्रार्थनेची ही शिस्त त्यांनी घालून दिलेली.

मधल्या वेळात स्वयंपाक, बाग, शिवण. बहिणीकडे मिस्सेत वाटायची भाकर करायचं काम आहे. नुसतं गव्हाचं पीठ आणि पाणी, यीस्ट नाही. दोन तापल्या लोखंडी पत्र्यांमध्ये पातळ पापुद्रा भाजायचा, मग थोडा दमट होऊ द्यायचा, नाहीतर कापताना कडा तुटतात. याबद्दल ती किती हौसेनं बोलते! जेवणानंतर गप्पांची वेळही असते, तेव्हा सगळ्या खळखळून हसतात.

कायमचं व्रत लगेच देत नाहीत, मध्ये काही वर्षं जातात. तोवर तुमच्या मुलीच्या मैत्रिणीला परत येता येतं. मुलीनं तिला पत्र जरूर लिहावं, आणि मठात आधी विचारून भेटायलाही जावं.