अलिबागचा बंगला, गेटच्या आत आणि गेटच्या बाहेर : वाचकांचे प्रश्न

या वेळी टपाल आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्हीकडे नुसतं अलिबाग आहे. मांडवा, आवास, सासवणे, किहीम, थळ, झिराड, जिकडे बघावं तिकडे दगडी कंपाउंड, लाकडी गेट आणि गेटवर वॉचमन. साहजिकच आहे म्हणा, मार्च २०२० पासून रो-रो बोट सुरू झाली, भाऊच्या धक्क्याला गाडी चढवायची आणि तासाभराने मांडव्याला उतरवायची, वर १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, मग काय, ज्या मुंबईने पिढ्यानपिढ्या "अलिबागसे आया क्या" म्हणून टिंगल केली तीच मुंबई आता तिथे गुंठ्याच्या भावावर घासाघीस करत बसलीये. असो. पत्रं बरीच होती, त्यातली पाच घेतलीत. नावं छापत नाहीये, बहुतेकांनी तशीच विनंती केलीये.

प्रश्न : आम्ही दोघं ठाण्याला नोकरी करतो. किहीमच्या बाजूला एका गेटेड प्रोजेक्टमध्ये ११ गुंठ्यांचा प्लॉट बघितला. ब्रोशरवर "सी-फेसिंग, प्रायव्हेट बीच अ‍ॅक्सेस, क्लबहाऊस" असं सगळं आहे. एजंट म्हणतो एनए (जमीन बिगरशेती करून घेणं) नंतर होईल, पण या आठवड्यात टोकन द्या, दोनच प्लॉट राहिलेत. काय करावं?

दोनच प्लॉट प्रत्येक एजंटकडे प्रत्येक आठवड्यात राहिलेले असतात, ते सोडा. टोकन देऊ नका, आधी कागद मागा.

पहिलं म्हणजे "एनए नंतर होईल" याचा अर्थ आज ती शेतजमीन आहे. १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३ सरळ सांगतं की शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. तुम्ही दोघं शेतकरी नसाल तर उद्या तो व्यवहारच बेकायदा ठरू शकतो. आणि "फार्महाऊस म्हणून बांधा हो, कोण बघतंय" असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा की फार्महाऊसला किमान ०.४ हेक्टर लागतं, म्हणजे जवळजवळ एक एकर, तुमच्या ११ गुंठ्यांत ते बसवणार कसं. काही ठिकाणी तर स्वतंत्र प्लॉट नसतोच, एकाच सातबाऱ्यावर पंधरावीस जणांची नावं सामाईक चढवतात आणि चुन्याच्या रेघा मारून "हा तुमचा, तो त्यांचा" सांगतात. कागदावर तुमचा तुकडा कुठेच नसतो.

दुसरं, महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा नंबर. जमीन ५०० चौरस मीटरच्या वर असेल आणि प्लॉट पाडून विकत असतील तर नोंदणी लागतेच, नुसते प्लॉट असले तरी. नंबर ब्रोशरवरून उतरवून घेऊ नका, महारेराच्या साइटवर स्वतः टाकून बघा, तिथे मंजूर ले-आउट आणि टायटल रिपोर्ट अपलोड केलेला असतो. रजिस्टर्ड करार झाल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत हेही लक्षात ठेवा, कारण हे "आपल्यात कशाला कागद" म्हणत तीस-चाळीस टक्के सहज मागतात.

तिसरं, आणि इथे माझं मत जरा ठाम आहे, आजचा सातबारा बघून समाधान मानू नका. जुने फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी, काढा, १९५० च्या आसपासपर्यंत मागे जा. अलिबाग तालुका म्हणजे चरीच्या संपाचा तालुका. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ इथल्या शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला, उपाशी राहिले पण नांगर धरला नाही, आणि पुढे कूळ कायदा आला, १९४९ च्या कायद्याने खोती गेली. तो इतिहास आजही सातबाऱ्यावर "इतर हक्क" या रकान्यात बसलेला असतो. तिथे "कूळ कायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र" असं लिहिलेलं दिसलं की थांबायचं, ती जमीन कुळाला मिळालेली आहे आणि तिच्या विक्रीला अटी आहेत. भोगवटादार वर्ग २ दिसला, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, तरी थांबायचं. मूळ मालक ठाकर किंवा कातकरी असेल तर सरकारी परवानगीशिवाय बिगर आदिवासीला ती जमीन घेताच येत नाही. डेव्हलपरचा वकील म्हणेल सगळं क्लिअर आहे, म्हणू दे. तुमचा वकील वेगळा करा, आणि तो अलिबागच्या कोर्टात रोज उभा राहणारा असू दे, मुंबईतला भारीतला नको.

आता समुद्र. भरतीरेषेपासून ५०० मीटर सीआरझेड, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेला किनारी पट्टा. ग्रामीण किनाऱ्यावर, दाट वस्ती नसेल तर, त्यातले पहिले २०० मीटर ना विकास क्षेत्र. त्यामागच्या पट्ट्यात घरांना मुभा आहे ती मुख्यतः स्थानिक लोकांच्या घरांसाठी, तीही तळमजला अधिक एक आणि ९ मीटर उंचीपर्यंत. भरतीरेषा म्हणजे तुम्ही रविवारी गेलात तेव्हा पाणी जिथे होतं ती नाही, मंजूर नकाशावर जी आखलीये ती. गट नंबर घेऊन तो नकाशा तपासा. ब्रोशरमधला इन्फिनिटी पूल जर पहिल्या पट्ट्यात येत असेल तर किहीमचंच उदाहरण आठवा, नीरव मोदीचा बंगला ८ मार्च २०१९ ला जिल्हा प्रशासनाने स्फोटकं लावून पाडला. तुमचा पाडतीलच असं नाही, पण रिसेलला गिऱ्हाईक मिळणार नाही, बँक लोन देणार नाही, आणि दर दोन वर्षांनी नोटीस.

"प्रायव्हेट बीच" असं काही नसतं. त्याचं उत्तर खालच्या प्रश्नात आहे.

प्रश्न : आम्ही कोळी. गावातून किनाऱ्यावर होड्यांकडे जायची वाट एका वाडीच्या कडेने होती, आजोबांच्या आधीपासूनची. वाडी विकली गेली, आता तिथे बंगले झाले, दिवाळीनंतर गेट लागलं. वॉचमन म्हणतो पुढून फिरून जा. पुढून म्हणजे जाळी डोक्यावर घेऊन पाऊण तास. ग्रामपंचायतीत सांगितलं तर बघू म्हणतात.

दादा, "बघू" मध्ये सहा महिने घालवू नका, कारण नेमकी मुदत तेवढीच आहे. १९०६ चा मामलतदार कोर्ट कायदा आहे, जुना आहे पण जिवंत आहे, त्याच्या कलम ५ खाली तहसीलदार वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतात. शेती, चराई, झाडं यांच्याबरोबर मासेमारीच्या जागेचाही त्यात उल्लेख आहे. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे. तुमचं गेट दिवाळीनंतरचं, म्हणजे आजच दिवस मोजा.

अर्जाबरोबर काय लावायचं? भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल, त्यावर तुटक रेषेने वाट दाखवलेली असेल तर अर्धं काम झालं. ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीचा उतारा. आणि गावातली सत्तरीच्या पुढची चार माणसं, त्यांचे जबाब. नारळी पौर्णिमेची मिरवणूक त्याच वाटेने जात असेल तर जुने फोटो शोधा, कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बमात नक्की सापडतील. मुदत टळली असली तरी दिवाणी कोर्टात वहिवाटीचा हक्क मागता येतो, त्याला वीस वर्षं विनाअडथळा वापर दाखवावा लागतो, पण तो रस्ता लांबचा.

आणि किनारा. जमीन महसूल संहितेचं कलम २० काढून वॉचमनला नाही, त्याच्या मालकाला वाचायला द्या. भरतीरेषेच्या खालचा समुद्राचा, खाडीचा तळ सरकारचा आहे. कुणाच्या सातबाऱ्यात तो येत नाही. त्यामुळे बंगलेवाल्याला कंपाउंड स्वतःच्या हद्दीपर्यंत घालता येतं, वाळूवर खुर्च्या टाकून "इथे येऊ नका" म्हणता येत नाही. वॉचमनशी भांडू नका, तो बहुतेक तुमच्याच शेजारच्या गावचा असतो.

प्रश्न : माझं माहेर आवासकडचं, लग्न होऊन पेणला आले. वडील १९९८ ला वारले. भाऊ नारळ-सुपारीची वाडी एका डेव्हलपरला देतायत, कोटींचा व्यवहार आहे असं कानावर आलं. मला फक्त "ये आणि सही करून जा" असा फोन आला. आई म्हणते, कर सही, माहेर तुटायला नको.

ताई, सही करण्याआधी कागदाचं शीर्षक वाचा. बहुतेक ते हक्कसोडपत्र असणार, आणि ते एकदा रजिस्टर झालं की परत फिरवणं महाकठीण. वाडी वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हिस्सा दिलाय, आणि वडील त्याआधी वारले म्हणून हक्क नाही असं कुणी म्हणालं तर सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तो मुद्दा निकालात काढलाय, हक्क जन्माने येतो, वडील २००५ ला हयात असायची गरज नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी किंवा विक्री झालेली असेल तर ती मोडत नाही, तेवढं फेरफारात बघून घ्या. वाडी वडिलांच्या स्वकमाईची असेल आणि मृत्युपत्र नसेल तरी मुलगी वारस आहेच, आईसुद्धा आहे, त्यांच्या हिश्शाचं कुणी बोललंय का?

माहेर तुटण्याचं मला कळतं. पण डेव्हलपर तुमच्या सहीसाठी थांबलाय म्हणजे त्याच्या वकिलाला तुमचा हक्क पक्का माहीत आहे, भावांनाच काय तो माहीत नाही असं दाखवायचंय. भांडण न करता एवढंच सांगा की हक्कसोड नाही, मी विक्रीखतावर मालक म्हणून सही करते आणि माझ्या हिश्शाचा चेक माझ्या नावाने येऊ दे. मग त्यातले काही भावांना द्यायचे तर द्या, ती तुमची मर्जी, तेव्हा ते तुम्ही स्वतःहून दिलेलं असेल. आणि निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, वाडीतली झाडं आडवी झाली तेव्हा भाऊ तिथे राबले असतील, त्यांनी नवी रोपं लावली असतील तर तेही धरा हिशोबात. हे मी कायद्याचं नाही बोलत.

प्रश्न : आमचं व्हिला प्रोजेक्ट आहे, बावीस बंगले, प्रत्येकाला स्विमिंग पूल. उन्हाळ्यात बोअरचं पाणी मचूळ लागतं, झाडं करपतात. शेजारच्या वाडीवाले म्हणतात तुमच्यामुळे आमची विहीर खारी झाली. हे खरं असू शकतं का? (मुंबई)

खरं असायची शक्यता भरपूर आहे. किनाऱ्यावर जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वाडीवाल्यांची विहीर उथळ, वरवरचं पाणी काढणारी, रात्रीत परत भरणारी. तुम्ही खोल बोअर मारून दिवसभर मोटर चालवता, वरचा गोड्याचा थर पातळ होतो आणि खालचं खारं वर चढतं, आधी तुमच्या बोअरला, मग शेजारच्या विहिरीला. नारळ थोडं खारं सोसतो, सुपारी सोसत नाही, तिची पानं टोकाकडून तपकिरी व्हायला लागली की समजायचं.

अजून खोल बोअर मारू नका, काही एजन्सी हेच सुचवतील. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बावीस छपरांचं पाणी गटारात सोडून मे महिन्यात टँकर मागवणं याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. छपरांचं पाणी टाकीत आणि पुनर्भरणाच्या खड्ड्यात घ्या, सांडपाणी शुद्ध करून लॉनला द्या, आणि लॉन निम्मं करा. बावीस पूलांऐवजी एक सामाईक पूल हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडून बघा, आरडाओरडा होईल पण मांडा. सोसायटी झालीये ना? नसेल झाली आणि डेव्हलपरच अजून मेंटेनन्स गोळा करत असेल तर पाण्याच्या आधी ते बघा, कारण निम्म्याहून जास्त बुकिंग झालं की संस्था करून द्यायची जबाबदारी त्याची असते.

प्रश्न : मी तीन बंगल्यांचा केअरटेकर आहे. आमच्याकडे वडिलांपासून सात गुंठे शेती, म्हणून मी शेतकरी. एका शेठने सांगितलं की बाजूची दीड एकर तुझ्या नावावर घेतो, पैसे माझे, तू फक्त सही कर, तुला दोन लाख देतो आणि नोकरी कायम. माणूस चांगला आहे, मुलाच्या अ‍ॅडमिशनला मदत केली होती. करू का?

नको. अजिबात नको. पैसे त्याचे, नाव तुमचं, हा बेनामी व्यवहार आहे. १९८८ च्या कायद्यात २०१६ ला दुरुस्ती होऊन तो चांगलाच कडक झालाय, शिक्षा एक ते सात वर्षं सक्तमजुरी, दंड बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत, आणि जमीन जप्त. शिक्षा पैसेवाल्याला आणि नाव देणाऱ्याला, दोघांनाही. इन्कम टॅक्सवाले पहिला प्रश्न तुम्हालाच विचारणार की केअरटेकरच्या पगारात दीड एकर कशी आली, तेव्हा शेठ फोन उचलेल याची खात्री आहे का? शिवाय तो तुमच्याकडून कोरं कुलमुखत्यारपत्र आणि कोरे चेक सह्या करून घेणार, त्यावर पुढे काय लिहिलं जाईल ते तुम्हाला कळणारही नाही.

थेट नाही म्हणायला अवघड वाटत असेल तर सांगा, घरात भावांची नावं सामाईक आहेत, ते तयार नाहीत. सहसा एवढ्यावर विषय मिटतो. नोकरी जाण्याची भीती मनात आहे हे दिसतंय, पण मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत आज भरवशाचा केअरटेकर मिळत नाही म्हणून बंगलेवाले रडतायत, तीन बंगले सांभाळणाऱ्या माणसाला चौथा लगेच मिळेल. आणि मुलाच्या अ‍ॅडमिशनचे उपकार डोक्यावर असतील तर गणपतीला पांढऱ्या कांद्याची एक चांगली माळ न्या त्यांच्याकडे, पण सही नाही.