स्टॅबिलायझर चालू असूनही शंकरपटाचे फोटो हलतात, कारण...

भाऊ, तुमचे दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. कॅनन १५००डी, ५५-२५० लेन्स, स्टॅबिलायझर चालू, तरी शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) आणि कबड्डी दोन्ही धूसर का, असा तुमचा प्रश्न. पण या दोन फोटोंचं दुखणं वेगवेगळं आहे.

पटाच्या फोटोत मागचं बांबूचं कुंपण आणि त्यावर लटकलेली पोरं स्वच्छ आहेत. बैलांचे पाय आणि धुरकऱ्याचा, म्हणजे जोडी हाकणाऱ्याचा, हात तेवढा वाहून गेलाय. म्हणजे तुमचा हात हलला नाही, शटरचा वेग कमी पडला. स्टॅबिलायझर फक्त तुमच्या हाताचा कंप सावरतो, धावत्या जोडीशी त्याचं काही देणंघेणं नाही. जोडी ताशी ४० किलोमीटरने पळते असं धरा, म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. तुमच्या १/२५० सेकंदाच्या शटरमध्ये ती चार सेंटिमीटरच्या वर पुढे सरकते, १/१६०० मध्ये जेमतेम सात मिलिमीटर. तेव्हा टीव्ही मोड (डायलवरचं Tv, यात शटरचा वेग आपण ठरवतो), १/१६०० आणि ऑटो आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता कॅमेऱ्यावर सोडायची. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात आयएसओ २००-४०० च्या पुढे क्वचितच जाईल.

एवढ्या वेगाला स्टॅबिलायझर बंद केला तरी फोटोत फरक पडत नाही. मी चालूच ठेवतो, कारण २५० एमएमच्या झूमला व्ह्यूफाइंडरमधलं चित्र थरथरत नाही आणि जोडी चौकटीत धरता येते. फक्त शटरचं बटण थोडं आधी अर्धं दाबा, त्याला स्थिरावायला क्षणभर लागतो. ट्रायपॉडवर मात्र बंद. पॅनिंग, म्हणजे जोडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो, करायचं असेल तर १/६० ते १/१२५ आणि कमरेतून वळायचं. लेन्सवर स्टॅबिलायझरचा मोड २ असेल तर तो लावा. त्यात आडवी हालचाल मोकळी राहते, उभा कंप तेवढा सावरला जातो.

आता कबड्डी. तिथे चढाई करणारा धूसर आणि मागे खुर्चीवर बसलेले पाहुणे ठणठणीत, म्हणजे फोकसच चुकला. तुमचा कॅमेरा बहुतेक एआय फोकसवर असेल, म्हणजे समोरचं स्थिर आहे की हलतंय हे कॅमेराच ठरवतो. नाव मोठं, पण पळणाऱ्या माणसावर तो उशिरा जागा होतो. एआय सर्व्हो (सतत फोकस करत राहणारा मोड) लावा आणि नऊ फोकस पॉइंटपैकी फक्त मधला ठेवा. या बॉडीत तोच एक क्रॉस-टाइप आहे, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखतो. तो खेळाडूच्या छातीवर धरायचा.

त्यापुढची गोष्ट बरेच जण टाळतात, आणि माझ्या मते खरा फरक तिथेच पडतो. मेनूतल्या कस्टम फंक्शनमध्ये जाऊन फोकसचं काम शटरवरून काढा आणि मागच्या ताऱ्याच्या बटणाला द्या. अंगठा दाबून ठेवला की फोकस खेळाडूमागे फिरतो. मध्ये पकडणारा आडवा आला की अंगठा उचला, फोकस आहे तिथेच थांबतो. महागड्या बॉडीत यासाठी ट्रॅकिंगची संवेदनशीलता ठरवता येते, आपल्याला अंगठ्यावर भागवावं लागतं. एक-दोन सामने चिडचिड होईल, मग बोटांना सवय होते.

हीच युक्ती पटालाही चालते. समोरून येणारी जोडी जवळ आली की अंतर फार झपाट्याने बदलतं, लेन्सची मोटर मागे पडते, नाहीतर फोकस शिंगावर बसतो आणि धुरकरी धूसर येतो. त्यापेक्षा शर्यतीच्या पट्टीवरच्या एखाद्या खुणेवर आधीच फोकस करून अंगठा सोडा आणि जोडी तिथे पोचायच्या किंचित आधी शटर दाबा. बर्स्टच्या (बटण दाबून ठेवून सलग फोटो) भरवशावर राहू नका. १५००डी सेकंदाला तीनच फोटो काढतो, तेवढ्यात दोन फोटोंमध्ये जोडी साडेतीन मीटरच्या वर निघून जाते. आणि हो, शेवटच्या रेषेपुढे फोटोसाठी उभे राहू नका. बैल रेषेवर थांबत नसतात.

रात्रीच्या सामन्याला ५५-२५० घरी ठेवा. ५० एमएम १.८ लेन्स घेऊन मैदानाच्या कडेला बसा. एफ २ (लेन्सचं छिद्र मोठं), १/५००, आयएसओ ३२०० ते ६४००. दाणे दिसतील, दिसू द्या. एक फोटो उजळ आणि पुढचा पिवळट काळा आला तर ती दिव्यांची लुकलुक आहे, वीज ५० हर्ट्झची म्हणून बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. त्यापायी फोकसच्या सेटिंगला हात लावू नका.

फेब्रुवारी-मार्चच्या भर दुपारी पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाची जोडी सगळं बरोबर लावूनही लिबलिबीत येते. तापलेल्या जमिनीवरची हवाच हलत असते, त्यावर कुठलंही बटण नाही. जवळ जा, नाहीतर सकाळच्या जोड्या टिपा.