शंभर वर्षांचा पूल, तीस वर्षांचा करार

गेल्या अंकात वाशीच्या खाडीपुलांबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग पडला. बहुतेकांचा रोख एकच होता : खासगी कंपन्यांना पूल बांधायला द्यावेत का? म्हणून या वेळी घरांच्या गळतीचे प्रश्न बाजूला ठेवते. गच्चीवाल्यांनी रागावू नये.

प्रश्न : मी कोपरखैरण्याला राहतो, बँकेतून निवृत्त झालोय. बीओटी (कंपनीने बांधायचं, चालवायचं, मग सरकारला द्यायचं) किंवा पीपीपीतून (सरकार-खासगी भागीदारीतून) पूल होतो तेव्हा त्याचं डिझाइनही ती कंपनीच करते, असं माझा मुलगा सांगतो. हे खरं असेल तर चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्याच दिल्या म्हणायच्या. सळया कमी घालून कंपनी पैसे वाचवणार नाही का?

उत्तर : मुलगा बरोबर सांगतोय. किल्ल्यांचं मात्र जरा वेगळं आहे.

जुन्या पद्धतीत सरकारी खातं ड्रॉइंग काढायचं, ठेकेदार तेवढं बांधून बिलं लावायचा. पीपीपीत सरकार ड्रॉइंग देत नाही, काय हवं ते सांगतं. करारासोबत शेड्युलांची चळत असते. ए मध्ये जागा, बी मध्ये काय बांधायचं, डी मध्ये कोणत्या मानकांनी बांधायचं. चौपदरी रस्ता असेल तर आयआरसीचं, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसचं, एसपी 84, सहापदरी असेल तर एसपी 87, पुलावरच्या भारांसाठी आयआरसी 6, काँक्रीटच्या पुलांसाठी 2011 पासून आयआरसी 112. या चौकटीत राहून कंपनीने नेमलेला सल्लागार डिझाइन करतो. माझी नोकरी अशाच सल्लागार कंपन्यांमध्ये झाली, कधी कंपनीच्या बाजूने तर कधी तपासणीच्या बाजूने. चहा दोन्हीकडे सारखाच पाणचट.

त्यामुळे सळया सरळसरळ कमी करणं तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही. खाडीच्या पाण्याचे शिंतोडे उडतात त्या भागात सळईवर किमान 75 मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, आणि एम 45 ताकदीचं काँक्रीट लागतं म्हणजे लागतंच. ते कमी दाखवणारं ड्रॉइंग दुसऱ्या सल्लागाराकडे प्रूफ चेकिंगला, म्हणजे फेरतपासणीला, अडकतं, तिथून निसटलं तर इंडिपेंडंट इंजिनिअरकडे, म्हणजे आयईकडे. राष्ट्रीय महामार्गांच्या नमुना करारात आयईला शेरे द्यायला 15 दिवस असतात आणि त्याचं मानधन सरकार आणि कंपनी निम्मं-निम्मं सोसतात. शिवाय आयईने ड्रॉइंग बघितलं म्हणून कंपनीची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही, हेही तिथे लिहिलेलं असतं. पुढे काही बिघडलं तर ‘तुम्हीच तर पास केलंत’ म्हणायची सोय नाही.

मग वाचवावाचवी होते कुठे? जिथे कोड, म्हणजे ही मानकं, मोघम बोलतो तिथे. पुलाचं आयुष्य 100 वर्षं धरून डिझाइन करतात. करार बहुधा वीस-तीस वर्षांचा. खांबावर पुलाची तुळई टेकते त्या रबराच्या उशा, म्हणजे बेअरिंग, वीस-पंचवीस वर्षं काढतात, पुलाच्या दोन तुकड्यांमधल्या फटीतले एक्स्पान्शन जॉइंट त्याहून लवकर जातात. म्हणजे बेअरिंग बदलायची वेळ येते ती नेमकी कंपनी गाशा गुंडाळत असते तेव्हा. अकरा महिन्यांच्या भाडेकरूला बाथरूमची पाइपलाइन बदलायला सांगून बघा, काय उत्तर मिळतं ते.

एक गोष्ट जवळून दाखवते. आपल्याच भागातल्या एका खाडीपुलाचं ड्रॉइंग माझ्याकडे तपासायला आलं होतं, नाव नको. पिअर कॅपचा, म्हणजे खांबावरच्या टोपीचा, माथा आणि गर्डरचा, म्हणजे तुळईचा, तळ यांच्यात जागा होती 180 मिलिमीटर. त्यात पेडेस्टल (बेअरिंगखालचा काँक्रीटचा ठोकळा) आणि बेअरिंग नीट बसत होतं, हिशोब चोख. पण बेअरिंग बदलायचं तर गर्डर जॅकने काही मिलिमीटर उचलावा लागतो. जॅक, त्याच्या खालीवरच्या प्लेटा आणि माणसाचा हात जाईल एवढी फट, मिळून तीनेकशे मिलिमीटर तरी हवेत. बरं, जॅक टेकवायचा कुठे? कॅप इतका अरुंद की जॅक कडेलाच येणार आणि त्या कडेत तेवढ्या भाराच्या सळया नाहीत. गर्डरची टोकं जोडणारा क्रॉस गर्डरही उचलण्याच्या भाराला तपासलेला नाही. आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत टीप : ‘बेअरिंग बदलण्याची तरतूद केली आहे.’

मी शेरा मारला, पेडेस्टल उंच करा, कॅप रुंद करा. कंपनीच्या डिझायनरचा फोन आला. “मॅडम, रस्त्याची लेव्हल फिक्स आहे. पूल वर घेतला तर दोन्हीकडच्या अॅप्रोचचा भराव वाढतो. आणि पंचवीस वर्षांनी हे बघणार कोण?” पोरगा हुशार होता आणि खोटं बोलत नव्हता. त्याला दिलेल्या खर्चाच्या शीटमध्ये शेवटची ओळ करार संपण्याच्या वर्षाचीच होती. शेवटी गर्डरची उंची थोडी कमी करून, प्रीस्ट्रेसिंग (ताणलेल्या केबलांनी काँक्रीट आवळणं) वाढवून जागा काढली आणि कॅपही रुंद झाला. पुलाच्या एकूण खर्चात हा आकडा शोधावा लागेल इतका किरकोळ होता.

आता याच्या शेजारी महामार्गांच्या जुन्या नमुना करारातलं दुसरं कलम ठेवा : करार संपल्यावर दोषांची जबाबदारी कंपनीवर 120 दिवस. पूल 100 वर्षांचा! हस्तांतराच्या वेळी बेअरिंग, जॉइंट, केबल कोणत्या स्थितीत हव्यात आणि त्या तपासायच्या कशा, हे करारावर सही होतानाच बारकाव्यानिशी लिहिलं नसेल तर त्या 120 दिवसांत कुणी काही उपटू शकत नाही. कॅनडातला कॉन्फेडरेशन ब्रिज बघा. 12.9 किलोमीटर लांब, दर हिवाळ्यात गोठणाऱ्या समुद्रावर, 1997 मध्ये खुला झालेला. खासगी कंपनीने बांधला, 35 वर्षं चालवून तिने तो सरकारला द्यायचा आहे, तरी डिझाइन 100 वर्षांचं. तेवढं आयुष्य मागणाऱ्याने मागितलं म्हणून मिळालं.

आणि सरकारी ते टिकाऊ, असंही समजू नका. वाशीचा पहिला खाडीपूल 1973 चा. त्याच्या प्रीस्ट्रेसिंगच्या केबल गंजल्या, बाहेरून केबल ओढून तो सावरावा लागला आणि 1997 मध्ये शेजारी दुसरा पूल आला. गोव्यातला मांडवीवरचा पूल असाच आतून गंजून 1986 मध्ये कोसळला. तिथे ना टोलची कंपनी होती ना पीपीपी. चोर नसतानाही जामदारखाना रिकामा होतो, साहेब.

प्रश्न : आम्ही उलव्याला राहतो, अटल सेतू रोज बघतो. हा पूल आधी पीपीपीतून होणार होता ना? मग का झाला नाही?

उत्तर : होणार होता, एकदा नाही, दोनदा. 2008 च्या सुमारास निविदा आल्या त्यात एका गटाने टोलवसुलीसाठी 9 वर्षं 11 महिने मागितले आणि दुसऱ्याने 75 वर्षं. पूल तोच, समुद्र तोच! गाड्या किती येणार याचा अंदाज दोघांनी कसा बांधला असेल, याची कल्पना करा. निविदा रद्द झाल्या. 2013 मध्ये निवडलेल्या कंपन्यांपैकी कुणी निविदा भरलीच नाही. अखेर जायका या जपानच्या सरकारी मदतसंस्थेचं कर्ज घेऊन सरकारनेच काम केलं आणि 12 जानेवारी 2024 ला उद्घाटन झालं. 21.8 किलोमीटरपैकी 16.5 किलोमीटर पाण्यावर.

लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की या पुलाचं डिझाइनही ठेकेदारांनीच केलंय. कंत्राटं डिझाइनसकट दिलेली होती. म्हणजे पीपीपी गेलं म्हणून डिझाइन सरकारी टेबलावर परत आलं नाही, फक्त गाड्या न आल्या तर होणारा तोटा सरकारच्या गळ्यात आला. माझ्या मते ते योग्यच झालं. नवी मुंबईत विमानतळ कधी होणार, उलव्यात माणसं कधी राहायला येणार, हे ठरवणं पूल बांधणाऱ्याच्या हातात नव्हतं. त्याचा जुगार त्याला खेळायला लावला तर तो एक तर 75 वर्षं मागणार, नाही तर घरी बसणार. समुद्रातल्या पाइपलाइन आणि जहाजांचे मार्ग ओलांडायला त्या पुलावर 180 मीटरपर्यंतचे पोलादी गाळे, म्हणजे दोन खांबांमधले भाग, टाकलेत. असला खर्च टोलच्या भरवशावर कोण अंगावर घेईल?

प्रश्न : मी ऐरोलीची, सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला पूल-डिझाइनमध्ये जायचंय. पीपीपीच्या कामांसाठी वेगळं काय शिकावं लागतं?

उत्तर : अगं, सॉफ्टवेअर तू शिकशीलच, कंपनी शिकवते. बोअर लॉग, म्हणजे जमिनीत भोक पाडून खाली काय लागलं त्याची नोंद, वाचायला शिक. निविदा भरायच्या वेळी हातात मोजकीच बोअर असतात, पाइल, म्हणजे पायाचे जमिनीतले खांब, किती खोल न्यायचे ते त्यावरून ठरवायचं आणि रक्कम कळवायची. आपल्या खाडीत वर मऊ चिखल आणि खाली खडक, पण तो खडक एका पिअरपासून दुसऱ्या पिअरपर्यंत कुठे वर तर कुठे खाली. साध्या कंत्राटात पाइल लांबला तर जादा बिल लागतं. पीपीपीत तो खर्च बहुधा कंपनीच्याच खिशातून जातो, म्हणून तिथला डिझायनर गाळा ठरवताना आधी पायाकडे बघतो. गाळे लांब केले तर पिअर कमी, पाइल कमी, खडकाचा धोका कमी, पण गर्डर जड आणि तो जागेवर चढवणं, म्हणजे लाँचिंग, महाग. ही ओढाताण एकदा हाताने गणित मांडून बघ, दोन बोअर लॉग आणि एक साधा कागद पुरतो. कॉलेजच्या सरांकडे एखाद्या महामार्गाचा करारही माग आणि शेड्युल डी पासून सुरुवात कर. झोप येईल, पण वाच.

प्रश्न : मी ठाण्यात कोपरीला राहतो. मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर ऑक्टोबर 2024 पासून हलक्या गाड्यांना टोल माफ झाला. आनंद आहेच, पण टोल नाही म्हणजे पुलांची देखभाल बोंबलणार का?

उत्तर : टोल हा पैसा आणायचा एक रस्ता आहे, देखभाल होते ती करारात लिहिल्यामुळे आणि कुणीतरी मागे लागल्यामुळे. इटलीत जिनोआचा मोरांडी पूल 14 ऑगस्ट 2018 ला कोसळला, 43 माणसं गेली. तो टोलवाल्या खासगी कंपनीकडेच होता आणि टोल व्यवस्थित जमा होत होता. त्याच्या तिरप्या केबल काँक्रीटमध्ये गाडलेल्या होत्या, आतला गंज बघायची सोयच नव्हती. टोल माफ झाल्यावर करायचा खरा प्रश्न असा : दर वर्षी पुलाची पाहणी कोण करतं आणि तो अहवाल कुठे ठेवला जातो? माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर आलं तर मलाही कळवा.

प्रश्न : (सीवूड्स) उड्डाणपुलाखालून जाताना अंगावर पाणी ठिबकतं. पूल धोक्यात आहे का?

उत्तर : पावसाळ्यात जॉइंटखालीच ठिबकत असेल तर जॉइंटचं रबर गेलंय. घाण होते, बेअरिंगचंही नुकसान होतं, पण आज घाबरायचं कारण नाही. पाणी जॉइंटपासून लांब, गर्डरच्या पोटातून येत असेल आणि त्यासोबत तपकिरी ओघळ दिसत असतील तर मात्र त्याच दिवशी कळवा. पूल खासगीकरणातला असला तरी तक्रार मूळ सरकारी यंत्रणेकडेच करा, कंपनीला कामाला लावणं तिचं काम आहे. फोटोसोबत खांबावर रंगवलेला पिअर नंबर लिहा. नुसतं ‘सीवूड्सचा पूल’ लिहिलेल्या तक्रारीवर ‘पाहणी केली, दोष आढळला नाही’ असं छापील उत्तर येतं.